वाऱ्याने उचललेला दुपट्टा

बैलबाजारात सौदा चालू असताना दुपट्ट्याकडे बघायचं नसतं. हे कोणी शिकवत नाही, पण चारचौघांत एकदा चूक झाली की जन्मभर लक्षात राहतं. दलाल आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर एक दुपट्टा टाकला जातो, आणि त्याखाली एक जण दुसऱ्याची बोटं धरतो. जितकी बोटं धरली तितका आकडा. तोंडाने गप्पा चालतात पावसापाण्याच्या, कोणाच्या पोरीच्या लग्नाच्या. आजूबाजूला गर्दी असली तरी कोणी खाली बघत नाही. बघायचंच असेल तर तोंडाकडे बघावं. कोणाचा डोळा बारीक झाला, कोणी आवंढा गिळला, यावरून आम्ही अंदाज बांधतो. माझं उभं आयुष्य लोकांच्या तोंडाकडे बघण्यात गेलं.

हे आधी सांगायचं कारण एवढंच की पुढे जे झालं त्यात माझी चूक होती असं अख्खा बाजार म्हणतो. मी म्हणत नाही. अजूनही म्हणत नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, कोंढ्याच्या बाजूला. माझा बाप गावातली ढोरं चारायचा. दुसऱ्याची जनावरं ओळखण्यात त्याची हयात गेली, पण स्वतःचं एक शिंग दावणीला आलं नाही. जनावर चालताना कुठला खूर आधी टेकतं, पाणी पिताना मान कशी धरतं, हे त्याने मला दाखवलं. देण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी बाजारात गेलो तो माल हाकायला. व्यापाऱ्याने घेतलेल्या जोड्या त्याच्या गावापर्यंत पायी पोचवायच्या, वाटेत कोरडी भाकर, आणि परत यायचं. आमचं घर बौद्ध. बाजारातले जुने दलाल सगळे जमीनवाले. माल हाकायला आमचे पाय चालत, पण दुपट्ट्याखाली हात घालायची वेळ आली की त्यांना आमचे हात दिसत नसत. तोंडावर कोणी काही म्हणत नव्हतं, पण हात कोणी पुढे करत नव्हतं.

पहिल्यांदा माझा हात धरला तो मामाजींनी.

मामाजी म्हणजे आमच्या बाजारातले सगळ्यांत जुने दलाल. पवनी तालुक्यातले धानवाले शेतकरी, अंगाने काटक, खांद्यावर कायम पांढरा दुपट्टा. त्यांना सगळेच मामाजी म्हणायचे. एका बाजारी त्यांनी तो दुपट्टा काढला, माझा हात ओढून घेतला आणि त्यावर टाकला. शेजारी उभ्या एकाने विचारलं, "मामाजी, हा कोनाचा जी?"

"माहा माणूस होय," ते म्हणाले, आणि माझं बोट असं दाबलं की मला कळ आली. "ध्यान दे बे. हा आकडा होय. कळ नोको मोजू."

त्या दिवसापासून मी दलाल. पुढे माझं स्लॅबचं घर झालं, दारात पिकअप आली. कोणी मला काही दिलं नाही. एकेक आकडा भांडून घेतला. माझं डोकं लवकर तापतं हे मला माहीत आहे. तापलं नसतं तर मी अजून लोकांच्या जोड्या हाकत असतो.

फोटोंचा नाद लागला तो साकोलीत. तिथे रस्त्यावरचा एक फोटो स्टुडिओ बंद होत होता. मोबाइल आला आणि त्याचा धंदा बसला. मी बसची वाट बघत सावलीला म्हणून आत गेलो आणि बाहेर पडलो तेव्हा खिशात छोटा कॅमेरा होता. त्याने सांगितलेल्या आणि मी दिलेल्या किमतीत इतकं अंतर होतं की शेवटी तो वैतागून म्हणाला, "घेऊन जा भाऊ, पण या दुकानात पुन्हा पाय नका ठेवू."

"दुकानच राहणार नाही तं पाय कायले ठेवू?" मी म्हणालो.

तो हसला नाही. मीही बसमध्ये बसल्यावर हसलो नाही. त्याच्यामागे भिंतीवर नवरानवरींचे फोटो होते, उतरवायचे राहिलेले, आणि मला सारखं वाटत होतं की त्या सगळ्यांनी मला घासाघीस करताना बघितलं आहे.

बाजारात कोणी पत्त्यांच्या नादी, कोणी नाटकांच्या. मी फोटोच्या. कॅमेरा गेला, मोबाइल आला, पण माझी पद्धत बदलली नाही. एका गोष्टीचा एकच फोटो, तोही चालता चालता, न सांगता. जनावर घेताना पहिली नजर खरी असते. दुसऱ्या नजरेला मालक सावध होतो, पाठीवरून हात फिरवतो, दुखरा पाय आत घेतो. माणसंही तशीच. "फोटो काढतो" म्हटलं की चांगला हसणारा माणूस खांबासारखा ताठ होतो. म्हणून मी काढायचो आणि पुढे जायचो. पवनीच्या किल्ल्याचा जुना दरवाजा, त्यातून बाहेर पडणारा शेणाचा गाडा. वैनगंगेच्या घाटावर पाण्याचा पितळी गुंड घासणारी बाई, तिच्यामागे पायऱ्यांवर बसलेली कुत्री. टेकडीवरच्या स्तूपाच्या विटा आणि त्यांच्या सावलीत कापलेल्या लाखोळीचा भारा टेकवून बसलेली म्हातारी. आपल्या लोकांची ही जागा म्हणून मी तिथे वरचेवर जायचो. भंडाऱ्याच्या गल्लीत पितळेवर पडणारा हातोडा. नाल ठोकताना दोरांनी आडवा पाडलेला बैल, त्याचा एक डोळा सरळ माझ्याकडे. काढले की परत बघायचो नाही. साठत गेले.

मामाजींना हा नाद आवडत नव्हता, पण थट्टेवारी न्यायचे. "अबे, त्या डब्बीत काय काय भरून रायला? बैल भरत असशीन तं एक मले दे."

"तुमाले भरतो मामाजी."

"जित्या माणसाचा फोटो कायले पायजे? तो मेल्यावर लागते."

तो फोटो उन्हाळ्यातला. धानाच्या रोवण्याआधी जोड्या विकायच्या-घ्यायच्या, म्हणून त्या दिवसांत बाजार भरून वाहतो. निदान तेव्हा वाहायचा. दुपारची वेळ, जमीन तापलेली. मामाजी एका परमुलखातल्या व्यापाऱ्याशी सौदा करत होते. जोडी होती आमच्याच पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याची. पोरांनी ट्रॅक्टर आणला होता, म्हणून त्याने बैल काढले होते. पांढरे, ठेंगणे, धानाच्या चिखलात कमावलेले बैल. तो बिचारा मामाजींच्या मागे जरा दूर उभा होता आणि एका बैलाच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवत होता. मामाजी वर आभाळाकडे बघत काहीतरी बोलत होते. उन्हाने त्यांचं तोंड तांब्यासारखं दिसत होतं. असं तोंड पुन्हा मिळणार नाही असं वाटलं. मोबाइल वर केला, बोट टेकवलं. तेवढ्यात एक वावटळ आली, माझ्या डोळ्यांत माती गेली. डोळे चोळत मी चहाच्या टपरीकडे गेलो. सौदा झाला, जोडी गेली, शेतकऱ्याला पैसे मिळाले, सगळे आपापल्या घरी गेले.

पुढे पावसाळा सरल्यावर भंडाऱ्यातल्या काही हौशी मंडळींनी फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. रोजचं जगणं, माणसांचे छंद, आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या जागा, असा विषय होता. फोटो पाठवा म्हणत होते. मी पाठवत बसलो नाही, स्वतःच गेलो. त्यांच्यातला एक बँकेत नोकरीला असलेला तरुण होता. त्याने माझा मोबाइल घेतला आणि अंगठ्याने फोटो सरकवत गेला. पवनीच्या दरवाजावर थांबलाही नाही.

"दरवाजे सगळ्यांनीच पाठवले आहेत काका."

"हा दरवाजा वेगळा आहे. यातून गाडा निघतो आहे."

"छान आहे," तो म्हणाला आणि पुढे सरकला. मग मामाजींच्या फोटोवर त्याचा अंगठा थांबला. "हा द्या. हाच द्या."

मी बघितलं. मामाजींचं तोंड मी दोन बोटांनी मोठं केलं. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, ओठाच्या कडेला तंबाखूचा डाग, सगळं जिवंत. "घ्या," म्हणालो. हे मी सांगून सांगून थकलो आहे: मी तोंड बघितलं. हातांकडे माझी नजर गेलीच नाही. फोटोतसुद्धा गेली नाही. जी सवय अंगात मुरली होती ती फोटो बघताना अंगातून कशी जाईल? पण हे बाजाराबाहेरच्या माणसाला पटत नाही, आणि बाजारातल्या माणसाला पटवून घ्यायचं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. फोटो भिंतीवर माणसाएवढा लावला होता. खाली माझं नाव छापलेलं. घरपट्टीच्या पावतीशिवाय माझं नाव छापलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. मी तोंडाकडे बघत उभा होतो. माझ्या शेजारी एक बाई येऊन थांबली, शिकलेली, खांद्याला पिशवी.

"हात किती बोलके आलेत," ती म्हणाली.

तेव्हा मी खाली बघितलं.

वाऱ्याने दुपट्टा बाजूला उडवला होता. त्याच क्षणी मी बोट टेकवलं असणार. मोबाइलवर तांदळाच्या दाण्याएवढे असलेले हात भिंतीवर सुपाएवढे झाले होते. धरलेली बोटं कोणीही मोजली असती. आणि त्या हातांच्या मागे, दोघांच्या मधल्या फटीत, तो शेतकरी. बैलाला खाजवतो आहे आणि हसतो आहे.

मी त्या बँकवाल्याला शोधलं. "तो फोटो उतरवा."

"काका, सगळे त्याच फोटोपुढे थांबताहेत."

"माझा फोटो आहे. उतरव म्हणतो ना!"

"फोटो तुमचा, पण छापला आम्ही. फ्रेम आमची आहे."

मी आवाज चढवला. लोक बघायला लागले. दोघातिघांनी मला बाहेर नेऊन चहा पाजला, समजूत घातली. संध्याकाळी उतरवतो म्हणाले, आणि उतरवलाही. पण तोवर लोकांनी भिंतीवरच्या फोटोचे फोटो काढले होते. मी भंडाऱ्याहून गावात पोचायच्या आधी तो बाजारात पोचला होता.

इथे दुपट्ट्याची एक गोष्ट सांगावी लागेल. त्याखाली आकडा एकदाच धरला जात नाही. दलाल वरचा आकडा मागतो, घेणारा खालचा देतो, दलाल पुन्हा मागतो, आणि मधे कुठेतरी दोघे थांबतात. तो सौदा. फोटोत दिसणारी बोटं त्या शेतकऱ्याला मिळालेल्या आकड्यापेक्षा जास्त होती. ते मामाजींचं मागणं असेल, तर मामाजी धुतल्या तांदळासारखे. त्यांनी जास्त मागितलं, समोरच्याने दिलं नाही, बाजारात रोज घडतं. पण तो घेणाऱ्याने दिलेला शेवटचा आकडा असेल, तर मधला फरक मामाजींनी शेतकऱ्यापासून लपवून स्वतःकडे ठेवला. दलाली उघड घ्यायची असते. असं लपवून घेणाऱ्याला आमच्या बाजारात चोर म्हणतात.

आणि माझ्याकडे फोटो एकच. आधीचा नाही, नंतरचा नाही.

पुढच्या बाजारी तो शेतकरी मोबाइल हातात धरूनच आला. मामाजी बाभळीखाली बसले होते, आम्ही दलाल भोवती.

"मामाजी, हे हात कोनाचे होत जी?"

मामाजींनी मोबाइल लांब धरून बघितला. "एक माहा. एक त्या व्यापाऱ्याचा."

"अन् मले भाव सांगतला तो?"

मामाजींनी मोबाइल त्याला परत दिला. एका शब्दाने मिटलं असतं, 'मागणं होतं' एवढंच म्हणायचं होतं. ते बोलले नाहीत, आणि माझं डोकं फिरलं.

"अरे मागणं होतं ते!" मी ओरडलो. "दलाल वरूनच मागते. तुले इतकंही समजत नाही का?"

"तुमाले कसं मालूम जी?" शेतकरी म्हणाला. "तुमचा हात होता का दुपट्ट्याखाली?"

"फोटो काढणारा हाच, अन् वकीलही हाच," मागून एक दलाल बोलला. सगळे हसले. मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. एवढ्या गोंधळात मामाजी उठले, दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. बाजार अर्धाही झाला नव्हता.

त्यानंतर लोक मामाजींकडे माल द्यायला कचरू लागले. तोंडावर नाही. "पोरगा येणार आहे, तो पाहील," असं म्हणून दुसरीकडे जायचे. ज्यांच्या बापाच्या जोड्या मामाजींनी विकल्या होत्या ते लोक. मला ते बघवत नव्हतं. मी त्या व्यापाऱ्याचा नंबर मिळवून फोन केला. तो म्हणाला, "याद नहीं भाई. इतनी जोड़ियाँ लेते हैं, एक-एक कौन याद रखेगा?" मी त्याला शिव्या दिल्या. त्याने फोन कापला. मग मी तो फोटो मोबाइलवर जितका मोठा होतो तितका मोठा करून बघत बसायला लागलो. धरणारा हात ओळखला की सगळं कळलं असतं. मामाजींनी व्यापाऱ्याची बोटं धरली असतील तर मागणं, व्यापाऱ्याने मामाजींची धरली असतील तर त्याचा आकडा. पण चार अंगठे असल्यासारखे हात एकमेकांत गुंतलेले, आणि मोठं करावं तसं सगळं धूसर. एवढा मुरलेला दलाल मी, मला दोन हात वाचता येईनात.

शेवटी मामाजींच्या घरी गेलो. ते अंगणात बसून दावं वळत होते. सुनेने चहा आणून ठेवला.

"मामाजी, एकच गोठ सांगा. मागणं होतं का भाव होता?"

"कायले पायजे तुले?"

"बाजारात सांगतो. आजच्या आज मिटवतो."

"बाजारात सांगाची गोठ राहती तं म्याच सांगतली असती." त्यांचे हात थांबले नाहीत. "दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखालीच ठेवाचं, हे तुले काय आता शिकवू?"

"लोक तुमाले चोर म्हणून रायले!"

"म्हणू दे. आज म्या तोंड उघडलं तं उद्या सगळ्याइले उघडा लागंल. हा म्हणंल त्याचं सांगा, तो म्हणंल ह्याचं सांगा. मंग दुपट्टा कायले ठेवाचा? घाम पुसाले?"

"ते बरोबर आहे. पण मले तं सांगा. मी कोनाले सांगत नाही. माह्यासाठी सांगा."

त्यांनी दावं मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. आजारी जनावराकडे बघावं तसं, कुठे दुखतं ते शोधत.

"म्हंजे तुले बी शंका आहे," ते म्हणाले.

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. शंका नाही म्हणालो. तुमच्यासाठी मी बाजारात कॉलरी धरल्या आणि तुम्ही मलाच विचारता, म्हणालो. एवढा तोरा आहे तर बसा घरी, असंही म्हणालो. सून दारात येऊन उभी राहिली. मामाजींनी तिला हाताने आत जायला सांगितलं आणि पुन्हा दावं वळायला घेतलं. मी चहा न पिता निघालो. फाटकापाशी मला वाटलं की ते हाक मारतील. मारली नाही.

आजही मला राग याचाच येतो. विचारलं म्हणून शंका होते का? माझ्याऐवजी दुसरा कोणी असता तर त्याने विचारण्याआधीच ठरवून टाकलं असतं, जसं अख्ख्या बाजाराने ठरवलं. मी निदान त्यांच्या तोंडून ऐकायला गेलो. ज्याने माझा हात धरला त्याने मला एवढं सांगू नये?

मग मी त्या शेतकऱ्याकडे गेलो. म्हटलं, हाच एक माणूस बाजारात उभा राहून "माझी तक्रार नाही" म्हणू शकतो. त्याच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता, निळ्या ताडपत्रीखाली. बैलांच्या कोठ्यात आता खताच्या गोण्या होत्या. मी त्याला दुपट्ट्याचा सगळा हिशेब समजावला, मागणं काय, भाव काय. मला बोलता येतं. गिऱ्हाईक दगड असला तरी मी त्याला पाझर फोडतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "फरकाचं मले दुःख नाही जी," तो म्हणाला. "दलालानं खाल्लं असंल थोडंबहुत, नसंलही खाल्लं. मामाजीनं माह्या बापाची जोडी इकली, माही इकली. मी भाव मांगाले आलो का तुमच्याकडे?"

"मग बाजारात येऊन काहून विचारलं?"

"पोरं मांगं लागले म्हणून." मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि फोटो माझ्यापुढे धरला. "तुमी मले पाहा यात. माह्या मालाचा भाव होऊन रायला अन् मी दात काढून रायलो. बैल हात चाटून रायला होता, म्हणून हासलो. आखरी बार चाटून रायला होता तो. पन फोटोत हे कोनाले दिसते? फोटोत दिसते का ह्याले दोघं लुटून रायले अन् हा येडा हासून रायला. नातीन विचारते, आबा, तुमी कायले हासता? धाही गावाइनं मले येडा पाहिलं. मामाजीनं नाही केलं हे. तुमी केलं."

"मी तुला बघितलंसुद्धा नव्हतं," मी म्हणालो.

"हव. ते दिसतेच ना."

बाजारात उभं राहून काही बोलायला तो तयार झाला नाही. मी पुष्कळ घासाघीस केली. उठताना त्याने मला फाटकापर्यंत सोडलं, पाहुण्याला सोडतात तसं. त्यात काही राग नव्हता. रागावर मला उत्तर देता येतं.

हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की माझ्यासमोर कोणी हात पुढे करत नाही. आधी वाटलं योगायोग. मी दुपट्टा काढायचो, समोरचा दलाल दोन्ही हात मागे बांधून उभा राहायचा. "तोंडानंच सांगा जी." कोणी म्हणायचं, "सांभाळा गा, वारा आहे आज." एकदा एका टपरीवर मी मोबाइल नुसता खिशातून काढला तर सगळ्यांनी आपापले हात टेबलाखाली घेतले आणि खो खो हसले. मीही हसलो. धंदा करायचा तर हसावं लागतं. पण तोंडाने सांगितलेल्या भावात धंदा होत नाही. चार लोक ऐकतात, पाचवा येऊन वर चढतो. परक्या माणसाशी सौदा करतात तसा माझ्याशी व्हायला लागला, मोठ्याने, सगळ्यांसमोर. ज्या बाजारात मी बैलांच्या मागे अनवाणी आलो होतो तिथे मी पुन्हा कडेला आलो. बाजारही तोवर आटत चालला होता. ट्रॅक्टर झाले, जोड्या कमी झाल्या. फोटो काढणं मी सोडलं. पवनीला गेलो तरी दरवाजाखालून तसाच जातो.

मामाजी पुढच्या उन्हाळ्यात एकदाच बाजारात आले. स्वतःची जोडी घेऊन. अंग पार उतरलं होतं, पण बैल धुतलेले, शिंगांना तेल लावलेलं. पोरांना बैल नको होते, ते जोडी काढणार हे आदल्या दिवशीच माझ्या कानावर आलं होतं. ते आले हे कळताच मी पानठेल्यावरून उठलो. ती जोडी मला घ्यायचीच होती. मनात असं होतं की मी त्यांच्यासमोर उभा राहीन, ते दुपट्टा टाकतील, बाजार बघेल. मग कोणी काही सांगायची गरज राहणार नाही, त्यांनाही आणि मलाही.

मी समोर गेलो, पाया पडलो. बैलांचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला. मग हात पुढे केला.

मामाजींचा दुपट्टा खांद्यावरच राहिला. त्यांनी आकडा सांगितला. तोंडाने. पलीकडच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या इतका स्पष्ट.

भोवतीचे सौदे थांबले. मामाजींना उघड भाव बोलताना कोणीच कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, निमूट हो म्हणावं आणि दावं हातात घ्यावं. पण घासाघीस न करता घेणं म्हणजे त्यांच्या म्हातारपणाला भीक घालणं, आणि ते त्यांनी चालवून घेतलं नसतं. मी उत्तर दिलं, कमी आकड्याचं, तसंच मोठ्याने. ते थोडं उतरले. मी थोडं चढलो. शेवटी मी असा आकडा बोललो की त्या बाजारात त्या जोडीला दुसरा कोणी दिला नसता. हे त्यांनाही माहीत होतं.

"नाही जमत, भाऊ," ते म्हणाले.

भाऊ. एरवी मला ते नुसतं 'अबे' म्हणायचे.

त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या एका नव्या दलालाला मानेने बोलावलं. त्या दोघांच्या हातांवर दुपट्टा पडला. थोड्याच वेळात जोडीचं दावं दुसऱ्या हातात गेलं, आणि मामाजी कोणाकडे न बघता बसकडे निघाले. बाजार पुन्हा बोलायला लागला. मी तिथेच उभा होतो. कोणीतरी म्हणालं, बाजूला व्हा, जनावरं काढायची आहेत.

घरी आलो तर बायको दारातच होती. तिला मी सकाळी सांगून गेलो होतो. तिने कोठा झाडून ठेवला होता, गव्हाणीत कुटार टाकलं होतं.

"आणली नाही मामाजीची जोडी?"

"नाही," मी म्हणालो. "भाव जुळला नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग ती आत गेली, आणि मी गव्हाणीतलं कुटार काढून टोपल्यात भरायला लागलो.